बॅगांच्या जागी सायकल

परभणीच्या मावशीला मी फोनवर सांगितलं की हल्ली मी रोज पहाटे पाऊण तास सायकल चालवते. तिला फार बरं वाटलं.

"कुठवर जातेस गं?"

"कुठंच नाही. हॉलमध्येच."

"हॉलमध्ये? गोल गोल फिरवतेस की काय?"

"नाही गं, फिरत नाही. मागचं चाकच काढून ठेवलंय."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "मागचं चाक नाही, कुठं जात नाही, अन् पायानं नुसतं फिरवायचं. मग ती सायकल कसली बाई, पिठाची गिरणी झाली की!"

तेव्हापासून आमच्या घरात त्या कोपऱ्याचं नाव गिरणी. धाकटा शेजारच्या मुलांना सांगतो, "मम्मी गिरणीवर आहे."

इथं राहणाऱ्या वाचकांना घरात सायकल का चालवावी लागते ते सांगायची गरज नाही. हा अंक परभणीत, नाशकात, डोंबिवलीत ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यासाठी मात्र थोडा भूगोल. (मी भूगोलाची शिक्षिका होते, त्यामुळे तो होणारच.) आपल्याकडे लोकांना वाटतं, दुबई म्हणजे वाळवंट, म्हणजे कोरडं ऊन. कोरडं ऊन आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना नवीन नाही. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ वर जातो, तरी पहाटे अंगणात झोपलं की अंगावर चादर घ्यावीशी वाटते. इथं उलट आहे. दुबई वाळवंटाच्या कडेला आहे खरी, पण तिच्यासमोर जे आखात आहे ते समुद्राच्या मानानं ताटलीएवढं उथळ, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. ते उन्हाळ्यात तापतं. ऑगस्टमध्ये पाण्याचंच तापमान ३३-३४ अंशांपर्यंत जातं. त्यावरून येणारी हवा बाष्पानं भरलेली. पहाटे पाचला बाल्कनीचं दार उघडलं की चष्म्यावर पांढरा पडदा येतो आणि काचेवरून पाणी ओघळतं. दुपारची तर गोष्टच सोडा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला इथं कायद्यानं बंदी आहे.

हिवाळ्यात हाच देश सायकलवाल्यांचा स्वर्ग होतो. अल कुद्राला वाळवंटातून जाणारा ऐंशी किलोमीटरांहून लांब सायकलमार्ग आहे, नाद अल शिबाला रात्री दिव्यांच्या उजेडात चालवता येते, अबुधाबीला तर २०२१ मध्ये जागतिक सायकल संघटनेनं 'बाइक सिटी' असा दर्जा दिला. आशियात तो पहिला. पण नोव्हेंबर ते मार्च सायकल चालवायची आणि एप्रिलपासून सोफ्यावर बसायचं, हे शरीराला कळत नाही. शरीर एप्रिलपासून परत पहिल्या इयत्तेत जातं.

माझ्या बाबतीत प्रश्न हौसेचा नव्हता. धाकट्याच्या वेळी मला गरोदरपणातली साखर निघाली होती. बाळंतपणानंतर ती उतरली आणि आम्ही सगळे विसरून गेलो. डॉक्टर विसरल्या नव्हत्या. ज्यांना गरोदरपणात साखर होते त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट असते आणि आपल्या दक्षिण आशियाई माणसांना तो कमी वजनावर, कमी वयात गाठतो. माझ्या आईला चाळिशीत झाला. तिच्या पायाला झालेली जखम सहा महिने भरत नव्हती. मी तेव्हा बारावीत होते. रोज संध्याकाळी पट्टी बदलायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे हा आजार पुस्तकात वाचायची मला गरज पडली नाही. मागच्या वर्षी माझा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, तो ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा उंबरठा समजतात. साडेसहाला तुम्ही घरात शिरलात.

डॉक्टर म्हणाल्या, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, घाम येईल असं काहीतरी. चालणाऱ्या स्नायूची एक मोठी सोय असते. तो रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतो. मांड्या हे अंगातले सगळ्यात मोठे स्नायू, म्हणून सायकल. मॉलमध्ये चालण्याचा पर्याय होताच. आमच्यातल्या बऱ्याच जणी चालतात. मला तो जमला नाही. तीन दुकानं ओलांडली की माझ्या हातात पिशवी असते.

आणि सायकल माझ्या ओळखीची होती. परभणी जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मी शिकवत होते, तिथं एसटी फाट्यावर सोडायची, तिथून शाळा साडेपाच किलोमीटर. फाट्यावरच्या टपरीवाल्याकडे माझी सायकल ठेवलेली असायची. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळायच्या, त्या वाटपाची यादी करणं माझ्याकडे होतं. शाळा दूर म्हणून मुलींचं शिक्षण थांबू नये यासाठीची ती योजना. त्यातल्या काही सायकलींवर पहिले आठ दिवस मुलीचे भाऊच फिरताना दिसायचे. मग आम्ही बाई लोकांनी नियम केला: सायकल शाळेच्या आवारात मुलीच्याच हातात दिसली पाहिजे. सकाळी फाट्यापासून आम्ही सात-आठ जणी एका रांगेत निघायचो. चढ लागला की सगळ्या उतरून हातात धरून चालायच्या, मीही. ते ऊनही होतं, ती धूळही होती, पण समोरून वारा यायचा. वाऱ्याचं महत्त्व मला दुबईत हॉलमध्ये बसून कळलं. ते पुढे येईल.

तर साधन. घरात सायकल चालवायची तीन तऱ्हेची यंत्रं मिळतात. रोलर म्हणजे तीन फिरती नळकांडी, त्यांवर अख्खी सायकल ठेवायची आणि तोल सांभाळत चालवायची. ते सर्कशीतल्या माणसांसाठी. दुसऱ्या प्रकारात मागचं चाक एका लोखंडी घोडीत पकडतात आणि ते एका छोट्या रोलरवर घासत फिरतं. स्वस्त असतं, पण टायर झिजतो आणि आवाज मिक्सरसारखा. तिसऱ्यात मागचं चाकच काढतात आणि साखळी सरळ यंत्राच्या दातेरी चक्रावर बसवतात. आत चुंबक असतात, ते चक्राला अडवतात, म्हणून पेडल जड लागतं. टॅबलेटला जोडलं की पडद्यावर चढ आला तर यंत्र आपोआप जड होतं. हे महाग, पण शांत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पैसे साठवून हेच घ्यावं असं माझं मत आहे, आणि नवं घेऊ नये.

नवं का घेऊ नये, ते इथल्यांना ठाऊक आहे. या देशात प्रत्येक जूनमध्ये, शाळा संपल्या की, कितीतरी कुटुंबं जातात. कुणी कॅनडाला, कुणी कायमचं गावी. त्यांचे पलंग, सायकली, कुंड्या, मायक्रोवेव्ह सगळं आठ दिवसांत कुणाच्या तरी घरी जातं. डुबिझल उघडलं की त्या घरांचे हॉल दिसतात, फोटोच्या कडेला बांधलेले खोके दिसतात. माझं यंत्र एका दक्षिण आफ्रिकेच्या कुटुंबाकडून आलं. दोन वर्षं वापरलेलं, सातशे दिरहम. बाईंनी ते देताना वर एक रबरी चटई फुकट दिली आणि साखळीला तेल कसं द्यायचं ते स्वतः बसून दाखवलं. त्यांचा हॉल रिकामा होता, भिंतीवर फक्त चौकटींच्या खुणा. घासाघीस करायची माझी पूर्ण तयारी होती, पण तिथं तोंड उघडलं नाही.

घ्यायला जाताना एक गोष्ट मात्र विचारून जा. आपल्या सायकलच्या मागच्या चाकावर किती दातेरी चकत्या आहेत आणि यंत्रावर किती बसवल्यात. आठ आणि अकरा जुळत नाहीत. आम्हाला चकत्यांचा वेगळा संच साठ दिरहमला घ्यावा लागला.

आता जागा. आमचा फ्लॅट अल कुसैसमध्ये, दोन बेडरूमचा, चार माणसं, आणि वर्षातले तीन महिने सासूबाई. सायकल यंत्रावर चढवली की लांबी साडेपाच फूट, हँडल दोन फूट. चढायला-उतरायला आणि पुढे पंखा ठेवायला धरून सात फूट बाय चार फूट मोकळी जमीन लागते. कागदावर हा आकडा लहान दिसतो. मी मोजपट्टी घेऊन घरभर फिरले तेव्हा तो कुठंच बसेना. बाल्कनीत उन्हाळा, खारी दमट हवा, शिवाय बिल्डिंगचे नियम. मुलांच्या खोलीत पहाटे पाचला मुलं झोपलेली. आमच्या खोलीत नवरा. स्वयंपाकघराबद्दल बोलायलाच नको.

हॉलच्या टोकाला, बाल्कनीच्या सरकत्या दाराशेजारी, बरोबर सात बाय साडेचार फुटांची जागा होती. वर एसीची जाळी, शेजारी विजेचा पॉइंट, खाली टाइल्स. पण ती जागा भरलेली होती. तिथं आमच्या बॅगा होत्या.

आखातातल्या घरांत हा कोपरा असतोच. पाच मोठ्या बॅगा, दोन खोके, वर जुनी चादर. धाकटा त्याला 'डोंगर' म्हणतो. बॅगांमध्ये काय होतं? तिकडच्या घरासाठी घेतलेला, न उघडलेला मिक्सर. काचेचा डिनर सेट. लेकीला पुढे होतील म्हणून दोन मापं मोठे बूट, जे आता दोन मापं लहान झाले होते. माझ्या साड्या. आणि सगळ्यात खालच्या खोक्यात माझ्या शाळेतला पृथ्वीगोल, महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा गुंडाळलेला, तिसरीपासून दहावीपर्यंतची पाठ्यपुस्तकं आणि मी स्वतः खडूनं नव्हे, रंगानं काढलेले पर्जन्यमानाचे तक्ते. 'दोन वर्षांत परत जाऊ' असं ठरवून आम्ही २०१६ मध्ये आलो. दर दोन वर्षांनी व्हिसा पुढे सरकतो, तसा बॅगांचा मुक्कामही. मधल्या काळात आम्ही भिंतीला एक खिळा ठोकलेला नाही. घर सोडताना अनामत रक्कम कापतील, हे कारण. बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटेल. नऊ वर्षं बिनखिळ्याच्या भिंती!

बॅगा हलवायचं म्हटल्यावर नवरा गप्प झाला. तो सायकलच्या विरोधात नव्हता. यंत्र वरपर्यंत त्यानंच उचलून आणलं. पण बॅगा उघडायच्या, रिकाम्या करायच्या, एकात एक घालून पलंगाखाली सरकवायच्या, म्हणजे काय ते त्याला माझ्याआधी कळलं होतं. "म्हणजे आपण इथंच राहायचं ठरवलंय का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "ठरवलं काहीच नाही. पण साखर थांबणार नाहीये आपलं ठरेपर्यंत." तो उठला आणि चादर काढली.

एका शुक्रवारी दुपारी आम्ही चौघांनी मिळून डोंगर उतरवला. मिक्सर वापरायला काढला (जुना केव्हाचा घरघरत होता). बूट बिल्डिंगमधल्या एका मुलीला दिले. पृथ्वीगोल लेकीनं स्वतःच्या टेबलावर नेला आणि नकाशा चिकटपट्टीनं, खिळ्यानं नाही, सायकलसमोरच्या भिंतीवर लागला. त्यामुळे मी पेडल मारताना माझ्या समोर सह्याद्री असतो आणि गोदावरीचा निळा दोरा. पृथ्वीगोल दुसऱ्याच्या टेबलावर गेला याचं काय वाटलं, ते मी इथं लिहीत नाही.

आता वारा. घरात सायकल चालवण्याचं खरं गणित वाऱ्याचं आहे, आणि ते एसी लावून सुटत नाही. एसी असताना पंखा कशाला, असं मला प्रत्येक जण विचारतो. म्हणून शिक्षिकेच्या सवयीनं सांगते. आपलं शरीर हे तसं अकार्यक्षम इंजिन. पेडलवर ९० वॉटचं काम पोचवायला ते त्याच्या तिप्पट ते चौपट उष्णता तयार करतं. म्हणजे जुन्या पद्धतीचे शंभर वॉटचे तीन बल्ब आपल्या पोटात पेटवून बसायचं. रस्त्यावर वीसच्या वेगानं जाताना ताशी वीस किलोमीटरचा वारा आपोआप अंगावर येतो, घाम सुकतो आणि उष्णता घेऊन जातो. हॉलमध्ये आपण जागेवर. अंगाभोवतीची दोन बोटं हवा गरम आणि ओली होऊन तिथंच चिकटून राहते. एसीनं खोली २३ अंशांवर आणली तरी त्या दोन बोटांत ऑगस्ट महिना असतो. घाम येतो आणि टपकतो. टपकलेला घाम फुकट. जो वाळतो तोच गार करतो. तासाभराची ही उष्णता बाहेर टाकायला साधारण अर्धा लिटर घाम वाळावा लागतो.

मी हा प्रयोग करून पाहिला. लेक निरीक्षक, वहीत नोंदी. एके दिवशी एसी २३ वर, पंखा बंद, ९० वॉटवर चाळीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला माझ्या नाडीचे ठोके १२८, चाळिसाव्याला १५१. काम तेवढंच, पण हृदयाला रक्त कातडीकडेही पाठवायचं होतं आणि स्नायूंकडेही. दोन दिवसांनी त्याच वेळी, तेवढ्याच वॉटवर, समोर पंखा लावून. दहाव्या मिनिटाला १२६, चाळिसाव्याला १३३. एसी मात्र २६ वर ठेवला होता. लेकीनं निष्कर्षात लिहिलं, 'पंखा एसीपेक्षा हुशार आहे.' मी तिला पैकीच्या पैकी दिले.

पंखा घरातला नाजूक नको. देरामधल्या हार्डवेअरच्या दुकानात गोदामात लावतात तसे लोखंडी पंखे मिळतात, वीस इंची. तो समोरून, छातीच्या उंचीवर, चार फुटांवर. एक लहान पंखा बाजूनं, पाठीकडे. दार उघडं ठेवायचं, नाहीतर लहान जागेत आपल्याच घामानं हवा ओली होते.

हे सगळं जुनंच ज्ञान आहे, हे मला नंतर लक्षात आलं. आमच्या परभणीच्या घरात कूलरला वाळ्याच्या ताट्या होत्या, खिडकीला वाळ्याचा पडदा, ओसरीवर माठ. तिन्हींचं तत्त्व एकच, बाष्पीभवन. परभणीची मेमधली हवा तहानलेली, म्हणून ते चालायचं. तोच कूलर ऑगस्टमध्ये दुबईत लावा, हवा आधीच पोटभर प्यायलेली असते, ती आणखी पाणी घेत नाही. म्हणून इथल्या जुन्या माणसांनी पाण्यावर नव्हे, वाऱ्यावर भिस्त ठेवली. अल फहीदीच्या जुन्या वस्तीत घरांवर चौकोनी मनोरे दिसतात ना, पाहुण्यांना आपण ज्यांच्यासमोर उभं करून फोटो काढतो, ते बर्जील. चारी बाजूंनी उघडे. कुठूनही झुळूक आली की ती पकडून खाली खोलीत उतरवायची, अंगावर. मी लेकीला तिथं उभं केलं आणि वर बघायला सांगितलं. "म्हणजे आपला पंखा," ती म्हणाली.

बाकीच्या तयारीवर फार लिहीत नाही. चटई जाड हवी, घामासाठी आणि खालच्या मजल्यासाठीही. यंत्र शांत असलं तरी जमिनीतून गुणगुण उतरते. आमच्या खाली एक इजिप्शियन कुटुंब आहे. मी आधीच खाली जाऊन त्यांना सांगितलं, सव्वापाच ते सहा. काकूंनी हसून सांगितलं की त्या फज्रच्या नमाजासाठी उठलेल्याच असतात. चटईखाली मुलांच्या जुन्या फोमच्या फरश्यांचे तुकडे टाकल्यावर गुणगुणही गेली. हँडलवर टॉवेल हवाच. घामातलं मीठ लोखंड खातं, हँडलच्या मानेतले स्क्रू आधी. रोज ओल्या फडक्यानं पुसायचं, जसं आपण मिठाच्या भांड्याचं झाकण पुसतो.

साखळी एकदा अडकायला लागली तेव्हा आमच्या नातूरनं (इथं वॉचमनला नातूर म्हणतात) खाली गाड्या धुणाऱ्या एका मुलाला वर पाठवलं. चितगावचा मुलगा. तो रोज मुहैसनाहून सायकलवर येतो, हँडलला बादली अडकवून, ऑगस्टमध्येही. त्यानं माझ्या सायकलभोवती एक फेरी मारली. "मॅडम, पीछे का चक्का?" मी बाल्कनीतलं दाखवलं. "तो जाना किधर है?" "कहीं नहीं. कसरत." तो हसला नाही. त्यानं गुडघे टेकून गिअरची तार दोन मिनिटांत सैल-घट्ट केली, पेडल हातानं फिरवून कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "अच्छा है. गाड़ी का डर नहीं." पैसे घेताना आधी नको म्हणाला. त्याच्या सायकलला मागचा दिवा नव्हता. माझ्या सायकलवरचा दिवा आता हॉलमध्ये काय उजेड पाडणार होता? तो त्यानं लगेच लावून घेतला.

टॅबलेटवर मी 'मायवूश' लावते. हे अबुधाबीचंच ॲप आहे आणि फुकट आहे, म्हणून. पडद्यावर रस्ता, आपली बाहुली, आणि जगभरातली माणसं आपापल्या हॉलमध्ये पेडल मारत असलेली. नावापुढे देशाचा झेंडा. २६ ऑक्टोबर २०२४ ला अबुधाबीत याच ॲपवर घरबसल्या सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. स्पर्धक एका मंचावर, जागच्या जागी, घामानं निथळत, आणि प्रेक्षक पडद्याकडे बघत. पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑसबोर्न जिंकला. त्यानं २०२० ची पहिली स्पर्धाही जिंकली होती. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे गिरणीचाबी वर्ल्डकप असतो!"

मला स्वतःला पडद्यावरच्या बाहुलीचं फार कौतुक नाही. पंधरा मिनिटांनंतर मी भिंतीवरच्या नकाशाकडेच बघते. एक दिवस परभणी ते नाशिक मोजलं. माझ्या रोजच्या पंधरा-सोळा किलोमीटरांनी तीन आठवडे लागतात. नाशिकवरून आठवलं, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करणारी 'रॅम' शर्यत जोडीनं पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. माझ्या हिशोबानं गिरणीवर ते दहा महिन्यांत होतं. त्यांना नऊ दिवसही लागले नव्हते.

या डिसेंबरात मात्र मागचं चाक परत बसवायचं आहे. अल ऐनचा जबल हफीत तुम्ही गाडीनं चढला असाल, खाली ग्रीन मुबज्जरात गरम पाण्यात पाय सोडून बसला असाल. सुमारे अकरा किलोमीटरांचा तो घाट, यूएई टूरमध्ये जगातले मोठे सायकलपटू तिथं झगडतात, आणि २०२३ पासून बायकांचीही वेगळी शर्यत असते, त्यातही हफीत आहे. मी पहिले चार किलोमीटर धरलेत. चढ लागला की उतरून हातात धरून चालायचं मला येतंच. त्याआधी नोव्हेंबरात लेकीबरोबर दुबई राइडमधला चार किलोमीटरांचा सोपा मार्ग.

नऊ महिन्यांनी आकडा ५.८ आला. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, "चालू ठेवा" म्हणाल्या. उंबरठ्यावरच आहे अजून, पण तोंड बाहेरच्या बाजूला आहे.

सप्टेंबरात सासूबाई आल्या. पहिले दोन दिवस त्यांनी कोपऱ्याकडे नुसतं पाहिलं. बॅगा कुठं गेल्या, एवढंच विचारलं. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून परतले तर लोखंडी पंखा पूर्ण वेगात, आणि त्याच्यासमोर, सायकलच्या हँडलपासून सीटपर्यंत, माझी जुनी ओढणी झोळीसारखी बांधलेली. तिच्यात निवडलेली मेथी पसरलेली. "चार तासांत कडकडीत वाळली बघ," त्या म्हणाल्या, "इथं ऊन एवढं असून कामाचं नाही, वारा मात्र चांगला आहे तुझा." आता वेळापत्रक ठरलंय. सव्वापाच ते सहा मी, सहा ते साडेसहा लेक, आणि मुलं शाळेत गेली की दुपारपर्यंत मेथी, कढीपत्ता, पुदिना. दिवाळीच्या आधी साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या म्हणतात. त्यासाठी त्यांना आणखी एक पंखा हवाय, आणि परवा डुबिझलवर कुणीतरी जाणारं विकतंय का ते बघ, असं त्यांनीच मला सांगितलं.